आता शेंडा खुडा

“आता शेंडा खुडा त्याचा,” विद्युलता फोनवर म्हणाली, आणि राघोत्तमच्या हातातला रिसीव्हर एकाएकी जड झाला. मद्रासच्या नंगनल्लूरमध्ये रविवारचे सकाळचे साडेआठ वाजले होते. तिच्याकडे, कॅलिफोर्नियात, अजून शनिवारच चालू होता. शरण्याचं, म्हणजे लेकीचं, बाळंतपण करायला ती मे महिन्यात गेली तेव्हापासून दर रविवारी याच वेळी फोन येई, आणि बाळाचं, बाळंतिणीचं, तिथल्या बेचव भाज्यांचं सगळं सांगून झालं की शेवटी ती विचारी, पावट्याचा वेल केवढा झाला. “दोन हात वर गेला म्हणता ना? मग खुडाच. नाहीतर नुसता उंडारतो मेला, बाजूला फांद्या फुटत नाहीत. नखानं खुडा. कात्री लावू नका.” “बरं,” तो म्हणाला, “खुडतों.” “आणि जपून हं. तुमचे हात पेन्सिल धरायचे.” ती हसली, मागे बाळ रडायला लागलं, आणि फोन संपला. राघोत्तमने चष्मा लावला आणि खरोखरच शेंडा खुडायला निघावं तसा तो जिना चढून गच्चीवर गेला.

गच्चीवर वेल नव्हता. कठड्याला टेकून सिमेंटच्या आठ कुंड्या होत्या, तेलाचे दोन जुने डबे होते, आणि पावट्याच्या कुंडीत एक काठी उभी होती. काठीपासून कठड्यापर्यंत चार सुतळ्या ताणून बांधलेल्या होत्या, अगदी समान अंतरावर. सुतळ्यांवर काही नव्हतं. गेले अठरा दिवस नव्हतं. माती तडकून कुंडीच्या कडेपासून सुटली होती आणि त्या फटीतून मुंग्या ये-जा करत होत्या. सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी पायांखालच्या फरशा तापायला लागल्या होत्या. राघोत्तम तिथे उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप जवळ आलीत, चिमटीत काहीतरी कोवळं धरल्यासारखी. त्याने हात मागे घेतला. या वयात माणसाला लाज वाटायला कुणी बघायला लागत नाही.

खोटं बोलायचा त्याचा बेत नव्हता. पहिल्या रविवारी तो म्हणाला होता, उगवला, आणि ते खरं होतं. दहा बियांतल्या चार उगवल्या होत्या. पुढच्या रविवारी म्हणाला, दोन पानं सुटली, तेही खरं. मग एका दुपारी पानं वाटीसारखी वळली. त्याने घाबरून भर दोन वाजता बादलीभर पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी परत ओतलं, आणि तापलेल्या कुंडीत ती चार रोपं उकडून निघाल्यासारखी मऊ पडली. त्या रविवारी “केवढा झाला?” ला “वीतभर” असं उत्तर त्याच्या तोंडून गेलं आणि मग परतीची वाट उरली नाही. एग्मोरच्या कचेरीत चौतीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. खोटंसुद्धा तो मापात बोलला. आलेखाच्या कागदावर त्याने एक रेघ आखली, आठवड्याला इतके इंच, आणि फोन यायच्या आधी तो त्या कागदात बघून ठेवी, म्हणजे मागच्या रविवारच्या आणि या रविवारच्या बोलण्यात फट राहायला नको. नसलेला तो वेल त्या कागदावर मोठा झोकात वाढत होता. शेंडा खुडावा लागतो हे मात्र त्या आलेखात कुठे नव्हतं.

खरं तर बागेचा आराखडा त्याने मनापासून केला होता. एप्रिलअखेर तो निवृत्त झाला आणि पंधरा दिवसांत विद्युलता गेली. तोपर्यंत गच्ची म्हणजे तिचं राज्य. तो सकाळी आठला लोकलने जायचा, संध्याकाळी सातला यायचा, आणि वर काय चाललंय ते त्याला ताटात वाढल्यावर कळायचं. एकटं पडल्यावर त्याने टेप घेऊन गच्ची मोजली. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी कुठे, दुपारी कुठे, शेजारच्या नारळाची झावळी किती वाजता मिरचीच्या डब्यावर येते, हे सगळं त्याने कागदावर उतरवलं. वर बारा महिने, खाली भाज्या: भेंडी, वांगी, मुळा, मिरची, पुदिना, कुठल्या महिन्यात ऊन किती, वारा कुठून, पाऊस कधी. निळ्या पेन्सिलने ऐप्पसी-कार्तिकातला पाऊस रंगवला, कारण मद्रासेत आभाळ दिवाळीला फुटतं. हाताला मातीचा कण न लावता उंटावरून शेळ्या हाकण्यात जो आनंद असतो तो त्याने पुरेपूर घेतला. पण त्या तक्त्यात पावट्याच्या ओळीपाशी तो आला तेव्हा थांबला. पावटा त्याचा नव्हता. तो तिचा होता आणि त्याचा काळ ठरलेला होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर छोटी बाटली होती, राखेत ठेवलेल्या दहा बिया, वर चिकटवलेल्या कागदावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: मृग. आठ जूनला सकाळी अंघोळ करून त्याने दहाच्या दहा बिया पेरल्या. एक मागे ठेवावी एवढंही सुचलं नाही. जास्त पेरल्या तर जास्त उगवतील, असा त्याचा हिशेब.

विद्युलता साताऱ्याकडची, कोरेगावजवळच्या गावातली. राघोत्तमचं घराणं तंजावरचं. दोनतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी खाली उतरलेलं, मराठी सांभाळलेलं आणि सांबारात बुडवलेलं. सन अठ्ठ्याहत्तरमध्ये लग्न होऊन ती आली तेव्हा त्याचं मराठी ऐकून पदर तोंडाला लावून हसली होती. “तुम्ही पोथीतून बोलता का हो?” असं तिने विचारलं, आणि तो म्हणाला होता, “मज हेंच येतें.” ट्रंकेत साड्यांच्या घडीत बांधलेली पुरचुंडी होती: आईच्या परड्यातला पावटा, लहान दाण्याचा, शिजताना घरभर वास सुटणारा. जून लागला तशी ती अस्वस्थ झाली. मृगाला टोकायचा, आई तिकडे टोकत असेल, म्हणाली. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं. त्याने तिला शहाणपण शिकवलं; नव्या नवऱ्याला तेवढंच येतं. आडिपट्टम् तेडि विदै, म्हणजे आडी महिन्याचा हंगाम गाठून पेर, असं इथली माणसं हजार वर्षं म्हणतात. आडी लागते जुलैच्या मध्याला. तोवर माती नुसती तवा असते. तिने ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी पेरलं. मग कोपऱ्यावरच्या टपालकचेरीत जाऊन आईला कार्ड टाकलं, पेरलं म्हणून. पुढे भावाच्या घरी फोन आला तेव्हा कार्डाच्या जागी एसटीडी बूथ आला, घामाने थबथबलेली ती काचेच्या त्या खोक्यात उभी राहून ओरडायची, “हो गं आई, पेरलं! आजच!” बाहेर उभा राहून तो हसायचा. आणि दरवर्षी पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमाराला ताटात पावट्याची उसळ यायची, तो ओळखीचा दमट, हिरवा वास यायचा, आणि ती वाढता वाढता म्हणायची, “बघा. मृगाचा आहे.” दोनचार वर्षं त्याने वाद घातला. मग ताटातल्या उसळीपुढे माणसाचं काय चालतं? त्याने हात टेकले. तेव्हापासून तो मानत आला की त्याच्या बायकोच्या हाताला काहीतरी आहे, जे इथल्या उन्हालाही ऐकावं लागतं.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. भावाने परडं मोडून रस्त्याच्या अंगाला गाळे काढले. ते कळलं त्या दिवशी विद्युलता रात्रीच्या भांड्यांचं निथळलेलं पाणी बादलीत भरून वर घेऊन गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. आता तो पावटा जगात फक्त या गच्चीवर, असं ती एकदा म्हणाली होती. आणि विमानतळावर, ट्रॉलीला धरून, सगळ्या सूचना देऊन झाल्यावर, गॅस, दूध, रक्तदाबाची गोळी, ती म्हणाली होती, “वेल तेवढा जगवा. परत आल्यावर काहीतरी आपलं दिसायला हवं.” तिकीट नोव्हेंबरचं होतं. पण शरण्या आता फोनवर म्हणायला लागली होती की अम्माला राहू द्या अजून थोडं, तिथे पाळणाघर किती महाग, आणि अम्मालाही इथे बरं वाटतंय. इथे बरं वाटतंय, या तीन शब्दांनी राघोत्तमला दिवसदिवस पोखरलं. इथल्याच सिरुसेरीच्या कंपनीत होती तोवर हीच पोर रात्री जेवायला घरी यायची, आणि ती तिकडे गेली तेव्हा रडली ती विद्युलता, तो नव्हे. आता रडायची पाळी त्याची होती आणि त्याला ते येत नव्हतं. त्याने मनाशी एक गाठ मारून घेतली होती, कुणाला सांगितली असती तर वेड्यात काढलं असतं: वेल जगला तर ती येईल. जो माणूस देवळात घड्याळ बघत प्रदक्षिणा घालतो, त्याने एका भाजीच्या वेलाला नवस बोलला.

“अण्णा, काय बघतां तिथें?” पलीकडच्या गच्चीवरून तुळसीअक्कांनी विचारलं. शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, याच तंजावरी मराठ्यांतल्या. त्या सांडगे वाळत घालत होत्या. राघोत्तमला काय झालं कोण जाणे, तो सरळ म्हणाला, “अक्का, पावटा अस्का गेला. एकसुद्धां वांचला नाहीं.” तुळसीअक्कांनी सांडग्यांवरचा हात थांबवला. “जूनांतला ना? तो दरवर्षी जातो की. अस्का करपून जातो.” “दरवर्षी?” “हो की. मग आडी लागली की त्या परतून पेरतात, टाकीचे सावलींत. तो वेल येतो. तुम्हांस ठाऊक नाहीं?” त्याने मान हलवली. अक्कांना त्याची दया आली असावी, कारण त्या कठड्याजवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “मीच एकदां सांगटलं त्यांस, कां उगाच जाळतां बी म्हणून. त्या हंसल्या मात्र. तुम्ही आडीचं बी काढा अत्ता. ठेवलं असेल त्यांनी.”

तो खाली आला आणि खुर्चीत बसून राहिला. सत्तावीस वर्षांत मृगाचा एक वेलसुद्धा जगला नव्हता. ताटातली प्रत्येक उसळ आडीची होती, त्याने सांगितलेल्या त्याच आडीची. तिने त्याचं पहिल्या वर्षीच ऐकलं होतं आणि त्याला ते कधी कळू दिलं नव्हतं. एवढ्यावर त्याला हसू यायला हवं होतं. पण मग मनात आलं, तिला ठाऊक आहे. मृगाचा पेरा इथे मरतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मग दर रविवारी, वीतभर, हातभर, दोन हात, असं तो सांगत होता तेव्हा तिकडे फोन कानाला लावून ती काय ऐकत होती? खोटं बोलतोय हे तिला पहिल्या दिवसापासून कळलं असेल, आणि बिचारा एकटा आहे म्हणून ती चालवून घेत असेल? शेंडा खुडा, हे ती हसत म्हणाली होती. त्या हसण्याची चव त्याने पुन्हा पुन्हा घेऊन बघितली आणि काही लागेना. एका घरात इतकी वर्षं काढलेली बाई, तिच्या हसण्याचा अर्थ आठ हजार मैलांवरून शोधत बसायची पाळी आली होती.

आठवडाभर तो आडीचं बी शोधत होता. डाळींचे डबे, मसाल्याचे डबे, देवघरातलं कुंकवाचं ताट, शिवणाच्या यंत्राचा खण. डब्यांची झाकणं उघडली की तिच्या घराण्याच्या गोड्या मसाल्याचा वास यायचा आणि तो क्षणभर झाकण हातात धरून तसाच उभा राहायचा. कपाटात तिच्या सुती साड्या होत्या. घड्यांमध्ये हात घालून त्याने चाचपलं, आणि मग बी नाही हे कळल्यावरही हात तसाच राहू दिला. एका घडीत शरण्याच्या पहिलीतल्या प्रगतीपुस्तकाचं पान मिळालं. एका डबीत त्याच्या सदऱ्याची तुटलेली बटणं. एवढं सगळं तिने कधी ठेवलं? बाहेर आडी लागली होती. रस्त्याच्या टोकाला मारियम्मनच्या देवळात सकाळपासून कर्णा वाजत होता, आणि बायका आंबील घेऊन जात होत्या. हंगाम बसून राहत नाही. गुरुवारी तुळसीअक्कांनी कठड्यावरून कागदाची पुडी पुढे केली, त्यांच्या अवरैचं बी, पावट्याच्याच जातीचं, तेही वेलाचंच, शेंगा जरा रुंद. “हे पेरून टाका. इतक्या दूरून कोणास कळतंय?” त्याने पुडी घेतली. ती दोन दिवस टेबलावर पडून होती. पेरलं असतं तर खोटं पुन्हा रुळावर आलं असतं, पोंगलपर्यंत शेंगा लागल्या असत्या, फोनवर त्या मोजून सांगता आल्या असत्या. पण शिजताना वास आला नसता. आणि ती परत आली तर चुलीपाशी उभं राहून पहिल्या वाफेला तिला कळलं असतं. आली तर. शनिवारी त्याने पुडी अक्कांना परत दिली.

रविवारी फोन आला तेव्हा त्याने तिला बाळाचंही सांगू दिलं नाही. “वेल नाहीं,” तो म्हणाला. “केव्हांच गेला. जूनांतच. मी खोटं सांगत हुतों.” लाइन तुटली असं वाटून त्याने “हॅलो” म्हटलं.

“आहे,” ती म्हणाली. मग, “म्हणजे शेंडाबिंडा काही नाही.”

“नाहीं.”

“मला वाटलं यंदा धरला.” तिचा आवाज अगदी लहान झाला होता. “कधी धरत नाही हो तो मृगाचा. एकदासुद्धा नाही. तुम्ही वीतभर म्हणालात तेव्हा मी म्हटलं, बघ, यांच्या हातानं धरला. दिवसभर बसून असतील शेजारी, सावली केली असेल, म्हणून धरला. शरण्याला सांगितलं मी. जावयांना सांगितलं. त्या दिवशी शिरा केला होता मी.”

राघोत्तमने रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला. आपण खोटं बोललो ते तिने चालवून घेतलं असेल, एवढीच भीती त्याने आठवडाभर बाळगली होती. तिने ते खरं मानलं असेल, आणि त्यावर शिरा केला असेल, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. त्याला अपार वाईट वाटलं. “मग कां पेरत हुतीस तूं,” त्याने विचारलं, “जातो म्हणून ठाऊक असून?”

“आईला सांगायला. ती विचारायची ना, पेरलं का. इथे ऊन आहे, पेरता येत नाही, असं कसं सांगणार? तिला वाटलं असतं पोर कुठल्या मुलखात दिली मी. म्हणून पेरायचं. पेरलं म्हणजे पेरलं म्हणता येतं.”

“आई जाऊन अकरा वर्षं झालीं, विद्युलता.”

“हो,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी सकाळी हात राहत नाही माझा.”

मग ती एकदम नेहमीच्या आवाजात आली, नाक ओढून. “आडीचं बी तुमच्या डब्यात आहे. कचेरीच्या. खालच्या कप्प्यात राख घालून ठेवलंय. म्हटलं आता रिकामाच राहणार डबा. मी मागाहून सांगणारच होते, पण तुमचा वेल वाढत होता, तर म्हटलं यंदा लागायचंच नाही. उद्याच पेरा, टाकीच्या सावलीत, आणि पाणी सकाळी. दुपारी नाही. दुपारी घातलंत ना?” “घातलं.” “वाटलंच.” आणि मग, जाता जाता सांगावं तसं, “शरण्या म्हणतेय एप्रिलपर्यंत रहा. तिकीट बदलता येतं म्हणे. मी अजून काही बोलले नाहीये.” त्याला म्हणायचं होतं, नको. त्याला म्हणायचं होतं, ये, घर खायला उठतं, मला रसम करता येत नाही आणि बोलायला कुणी नाही, तुझ्या साड्यांत मी हात घालून उभा राहतो. तो म्हणाला, “बाळ लहान आहे. बघ, काय तें.” “बघते,” ती म्हणाली.

डबा फळीवर सर्वांत वर होता. चौतीस वर्षं तो रोज त्याच्या हातात होता आणि निवृत्तीच्या दिवसापासून त्याने त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं. त्याने तो खाली घेतला. वरच्या कप्प्यात काही नव्हतं, फक्त लोणच्याचा जुना, पुसट वास. खालच्या कप्प्यात राख, आणि राखेत बोट घातल्यावर गार, गुळगुळीत दाणे लागले. झाकणाच्या आतून कागद चिकटवला होता: आडी. त्याने दाणे वर्तमानपत्रावर ओतून मोजले, पंधरा होते. मग तो वर गेला, टाकीच्या सावलीत कुंडी ओढून आणली, माती हाताने फोडली. कडक ढेकूळ नखाखाली शिरलं आणि दुखलं. त्याने दहा भोकं बोटाने केली, पट्टी न लावता, आणि दहा बिया पेरल्या.

पाच त्याने हातात ठेवल्या. खाली येऊन त्या परत राखेत घातल्या, डबा लावला. मग टेबलावर बारा महिन्यांचा तक्ता पसरला. पावट्याच्या ओळीत जूनच्या चौकोनावर त्याने मागच्या रविवारी, गच्चीवरून आल्यावर, लाल पेन्सिलने फुली मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, पेरूं नये. ते खोडरबराने खोडायला वेळ लागला. लाल रंग पुसला तरी कागदावर दिसत राहतो. त्यावरच त्याने बारीक अक्षरात लिहिलं: मृग, बिया पाच. त्या पाचही करपणार होत्या, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पुढच्या मृगाच्या सकाळी त्या पेरायला ती इथे हवी होती.